परसात पत्र्याची खोली किंवा रानात आखाडा (शेतघर) बांधायचा असेल तर परवानगी लागते का?

तुमच्या प्रश्नात दोन जागा आहेत. गावठाणातल्या घरामागे 12 बाय 15 फुटांची पत्र्याची खोली, आणि दोन एकर रानात आखाडा. दोन्हींचं उत्तर वेगळं आहे, कारण कायदा आधी जमीन बघतो. पत्रा की स्लॅब हे नंतर.

"तात्पुरतं आहे, नटबोल्टावर उभं आहे" असं मीही म्हणून बघितलंय. परभणीकडं आमच्या घरामागं थोरल्या भावानं कडबा अन् स्प्रिंकलरचे पाइप ठेवायला शेड मारलं, शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटून. पहिल्या पावसात पागोळ्या त्याच्या अंगणात. लगेच तक्रार, मागून नोटीस. आमच्याकडं दाखवायला कागद एकच, घरपट्टीची पावती, आणि ती कामाला आली नाही. कर लावला म्हणजे बांधकाम मंजूर झालं असं होत नाही. (ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीची नोंद, आणि तलाठ्याकडचा 8-अ, म्हणजे शेतजमिनीचा खातेउतारा, या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मला तेव्हाच कळलं.) शेवटी शेड चार फूट आत घेतलं, पत्रे दोनदा उतरवले.

तर, गावातल्या खोलीसाठी ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी घ्या. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 52 त्याबद्दलच आहे. साधा हातनकाशा, मालकीचा उतारा, अर्ज. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच. तोंडी "बांधा हो, काय होतंय" यावर पाया खोदू नका, सरपंच बदलतात.

घर नगरपालिकेच्या हद्दीत असतं तर 1966 चा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला असता. त्याच्याही कलम 52 मध्ये विनापरवाना बांधकामाला 1 महिना ते 3 वर्षं कैद आणि 2 ते 5 हजार दंड आहे. मात्र 2020 च्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीनं 150 चौ. मी. पर्यंतच्या प्लॉटसाठी काम सोपं केलंय: कागद आणि फी भरली की ती पावतीच परवानगी धरतात. रंग, गिलावा, फरशी यांना काही लागत नाही.

आता आखाडा. इथं बरंच मोकळं आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम 41 नुसार शेतकऱ्याला आपल्या रानात शेतघर बांधता येतं. अवजारं, खत, चारा, माल ठेवायला, जनावरं बांधायला, घरच्यांना नाहीतर सालगड्याला राहायला. विहीरही त्यातच. पण रान मनपा-नगरपालिकेच्या हद्दीत किंवा तिच्याभोवतीच्या ठरावीक पट्ट्यात असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तिथं 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकराच्या आतल्या जमिनीची अडचण होते. तुमचे दोन एकर आहेत, तेवढी काळजी मिटली. सातबारावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही अशी जमीन) लिहिलं असेल तर मात्र आधी तहसीलमध्ये जाऊन अटी वाचा. आमच्या भागात अशा इनामाच्या जमिनी कमी नाहीत.

आखाड्यात हळदीची पोती ठेवा, उन्हाळ्यात बाज टाकून झोपा, कुणी विचारणार नाही. तिथंच रस्त्याच्या कडेला धाबा टाकला, की ते शेतघर उरत नाही. रान महामार्गाला लागून असेल तर रस्त्यापासून किती अंतर सोडायचं तेही आधी विचारून घ्या.

आणि पत्रे हुकाला नीट आवळा. वळवाच्या वाऱ्यात आमचे दोन पत्रे त्याच शेजाऱ्याच्या अंगणात गेले होते.