सगळे सुचवतात ती सिरीज मला दोन भागांच्या पुढे बघवत नाही. बघायचं काय, आणि कुणाचं ऐकून?

तुम्ही लिहिलं आहे की फोनमध्ये चाळीसएक नावांची यादी साठली आहे, सगळी मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली. रात्री हाताशी तासभर असतो, त्यातला निम्मा काय लावायचं हे ठरवण्यातच जातो, आणि जे लावता ते दुसऱ्या भागात सुटतं. सबटायटल वाचायची तयारी आहे, पण प्रत्येक वेळी वाटतं की लोकांना जे दिसलं ते आपल्यालाच का दिसत नाही.

मला वाटतं, गोची त्या यादीत आहे. तिच्यात नुसती नावं आहेत. कुणी, काय बघायला म्हणून, कसं बघितलं, हे त्या नावांसोबत आलेलंच नाही.

माझ्यापुरतं सांगतो. ताईने मला ‘द वायर’ बघायला सांगितली होती. ‘जबरदस्त आहे, बघच,’ एवढंच. मी तिसऱ्या भागात सोडली. माणसं फार, नावं लक्षात राहिनात, पोलीस कुणाला पकडेनात. दोनेक वर्षांनी एका मित्राकडे विषय निघाला. तो म्हणाला, ‘अरे, ती चोर-पोलिसांची गोष्ट म्हणून बघू नकोस. पहिला सीझन म्हणजे तेरा भागांची एकच कादंबरी आहे. पहिले चार-पाच भाग नुसती ओळख चालू असते, नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस.’ ज्या फोन टॅपिंगवरून सिरीजला नाव मिळालं, ते सुरू व्हायलाच सीझनचा बराच भाग जातो, हेही त्यानेच सांगितलं. मी पुन्हा लावली आणि पाच सीझनचे साठच्या साठ भाग बघितले. सिरीज तीच होती आणि मीही तोच. ताईच्या आणि त्याच्या सांगण्यात एवढाच फरक होता की तिने नाव दिलं आणि त्याने वाट दाखवली.

ती सिरीज एवढी खरी का वाटते, हेही सांगतो. ती अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात घडते, आणि तिचा निर्माता डेव्हिड सायमन तिथल्याच ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकात गुन्हेवार्ता लिहायचा. त्याचा साथीदार एड बर्न्स त्याच शहरात आधी पोलिसात डिटेक्टिव्ह होता आणि नंतर सरकारी शाळेत शिक्षक. म्हणून चौथा सीझन शाळेत घडतो आणि पाचवा वर्तमानपत्राच्या ऑफिसात. दुसऱ्यात बंदर आहे आणि तिसऱ्यात शहराचं राजकारण. २००२ ते २००८ या काळातली सिरीज आहे, त्यामुळे पेजर आणि रस्त्यावरचे सार्वजनिक फोन दिसतील. पण चौथ्या सीझनमधली ती चार मुलं मला आजही आठवतात, आणि त्यांच्यासाठी आधीचे तीन सीझन बघावेत असं मी कुणालाही सांगेन. फक्त तुमच्यासाठी आज नाही. तुमचा आत्ता धीर सुटलेला आहे. साठ भागांचं काम अशा वेळी हाती घेऊ नका.

यापुढे कुणी काही सुचवलं, तर ‘चांगली आहे का’ हे विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं. विचारा, कितव्या भागात तुला धरलं? बघताना फोन हातात होता का? आणि गोष्ट पूर्ण झाली आहे, की पुढच्या सीझनची वाट बघत लटकली आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत कामाचं. काही सिरीज जेवताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कानावर पडत राहिल्या तरी चालतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. काही मात्र अशा की दहा सेकंद मान खाली गेली की धागा तुटला. पहिल्या प्रकारची सिरीज तुम्ही दिवे मालवून, मन लावून बघायला बसलात, तर ती फुसकी वाटणारच. आणि दुसऱ्या प्रकारची फोन चाळत बघितलीत, तर रटाळ.

रेटिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण यादी बनवताना आकडे बघतच असाल. रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या साइटवरचा टक्का म्हणजे गुण नव्हेत. किती समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच तो सांगतो. दहापैकी दहा जणांना एखादा सिनेमा ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ एवढाच वाटला, तरी तिथे १०० टक्के दिसतात. दुसऱ्या सिनेमावर पाच जणांनी जीव ओवाळला आणि पाच जणांनी नाकं मुरडली, तर ५० टक्के. मला स्वतःला असे ५० टक्केवाले सिनेमे कितीदा तरी जास्त भावले आहेत. नेटफ्लिक्सच्या ‘टॉप १०’चंही तसंच. २०२३च्या जूनपासून ते बघितले गेलेले एकूण तास घेतात आणि त्याला सिरीजच्या लांबीने भागतात. समजा आठ तासांची सिरीज आहे आणि एकूण ८० लाख तास बघितली गेली, तर ‘१० लाख व्ह्यूज’ दिसतील. ते दहा लाख लोकांनी शेवटपर्यंत बघितली म्हणून असतील किंवा वीस लाख लोकांनी अर्ध्यात सोडली म्हणूनही असतील. आकडा दोन्हीकडे सारखाच. तुमच्यासारखे दुसऱ्या भागात उठून गेलेले लोकही थोडेथोडे त्या यादीत मोजलेले आहेत, तेव्हा ‘लोकांना दिसलं ते मलाच दिसत नाही’ ही खंत मनातून काढून टाका.

आता काय बघायचं ते.

सुरुवात ‘चेर्नोबिल’पासून करा. २०१९ची, पाचच भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा. रोज एक बघितलात तर आठवड्याच्या आत पूर्ण. २६ एप्रिल १९८६च्या त्या रात्री अणुभट्टीत स्फोट होतो आणि नियंत्रण कक्षातला मुख्य माणूस मानायलाच तयार नसतो की भट्टी फुटली आहे. भीती वाटते ती त्या नकाराची. किरणोत्सर्ग पडद्यावर दिसत नाही, पण संगीतातून तो सतत जाणवत राहतो. हिल्दुर गुडनाडोत्तिर या संगीतकार बाईंनी बंद पडलेल्या एका अणुवीज केंद्रात जाऊन तिथले आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्यांतूनच संगीत रचलं. म्हणून ही हेडफोन लावून बघा. एक लक्षात असू द्या, उलाना खोम्युक हे पात्र काल्पनिक आहे. अनेक शास्त्रज्ञांचं काम एका बाईच्या अंगावर घातलं आहे, आणि शेवटी तसं स्पष्ट लिहिलंही आहे. शेवटच्या भागात खटल्यामध्ये लेगासोव हा शास्त्रज्ञ बोलतो, पण प्रत्यक्षात तो त्या खटल्याला हजर नव्हता. हे माहीत असूनही लाल-निळ्या पाट्या लावत अणुभट्टी कशी चालते हे तो समजावतो तो प्रसंग मी तीनदा बघितला आहे. विज्ञान इतकं सोपं करून, आणि तरीही श्वास रोखायला लावून सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

हिंदीत ‘पाताल लोक’चा पहिला सीझन, नऊ भाग. जयदीप अहलावतने उभा केलेला हाथीराम चौधरी हा थकलेला, बढती न मिळालेला, घरात मुलाशी न पटणारा पोलीस आहे. गुन्हा कुणी केला यापेक्षा या माणसाचं पुढे काय होणार याची काळजी लागून राहते. हिंसा भरपूर आहे, तेव्हा घरात लहान मुलं जागी असताना लावू नका. ‘दिल्ली क्राइम’चा पहिला सीझन सात भागांचा, २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या तपासावरचा. २०२०मध्ये त्याला टीव्हीसाठीचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. तो अत्याचार पडद्यावर दाखवलेला नाही, तपास दाखवला आहे, आणि हा दिग्दर्शकाचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. तरीही मन घट्ट असेल तेव्हाच बघा. झोपण्यापूर्वी तर नकोच.

‘ब्रेकिंग बॅड’ तुमच्या यादीत असणारच. पहिल्या सीझनचे सातच भाग आहेत, कारण त्या वेळी अमेरिकेत लेखकांचा संप झाला आणि ठरलेले भाग कमी करावे लागले. सात बघा. नाही आवडली तर निःशंक सोडा.

पण मला खरं तर तुम्हाला सिरीजपासून थोडं लांब न्यायचं आहे. रोज एक तास असेल, तर आठवड्यातल्या दोन रात्री एका सिनेमाला द्या. एका बैठकीत संपला तर उत्तम, नाही तर मध्यंतर घेऊन दुसऱ्या रात्री. गोष्ट पूर्ण झाल्याचं समाधान तुम्हाला कितीतरी दिवसांत मिळालेलं नाही, असं तुमचा प्रश्न वाचताना सारखं वाटत होतं. त्यासाठी दोन सिनेमे सांगतो, आणि ते जोडीने बघा.

पहिला ‘१२ अँग्री मेन’, १९५७चा, ९६ मिनिटांचा, कृष्णधवल. बारा ज्युरी एका खोलीत बसून एका मुलाच्या जिवाचा निर्णय करतात. अकरा जण म्हणतात दोषी, एक म्हणतो थोडं बोलू या. जवळपास अख्खा सिनेमा त्या खोलीत घडतो आणि तरी कंटाळा येत नाही, याचं कारण संवाद तर आहेतच, पण दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने कॅमेऱ्याचं एक काम गुपचूप केलं आहे. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर आहे आणि लेन्स खोली ऐसपैस दाखवणारी. सिनेमा पुढे सरकतो तसा कॅमेरा खाली येत जातो आणि लेन्स जास्त लांब फोकसच्या होतात, त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि शेवटी शेवटी छतसुद्धा दिसायला लागतं. पहिल्यांदा बघताना हे कळत नाही, फक्त जीव गुदमरतो. मला हे माहीत झाल्यावर मी तो पुन्हा बघितला आणि खोली लहान होताना डोळ्यांनी पाहिली.

दुसरा आपला ‘कोर्ट’, चैतन्य ताम्हाणेचा. २०१४ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ओरिझोंती नावाच्या विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला. एका वयस्कर शाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. इथे तडफदार भाषणं नाहीत. तारीख पडते, साक्षीदार येत नाही, सरकारी वकील बाई कायद्याची कलमं एका सुरात वाचत जातात. आणि मग कॅमेरा त्या बाईंच्या मागोमाग त्यांच्या घरी जातो. त्या स्वयंपाक करतात, घरच्यांसोबत नाटक बघायला जातात. गीतांजली कुलकर्णींनी ही भूमिका अशी केली आहे की त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. हाच मला या सिनेमाचा सगळ्यांत अवघड भाग वाटतो. शाहीर झालेले वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते, आणि ते त्यांच्या उभं राहण्यात, उत्तरं देण्यात दिसतं. ‘१२ अँग्री मेन’मध्ये एक माणूस बोलून बोलून अकरांची मनं फिरवतो. ‘कोर्ट’मध्ये मन फिरवायला समोर कुणी ऐकतच नसतं. दोन्ही लागोपाठ बघाल तर हे फार लागेल.

‘कोर्ट’ला एकच अट, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यातली दृश्यं लांब आहेत आणि कॅमेरा हलत नाही. कुठे बघायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. पहिली वीस मिनिटं अवघड जातील. मग नजर आपोआप कोपऱ्यातल्या कारकुनाकडे, बाकावर बसून असलेल्या माणसांकडे जायला लागते.

डबिंगचं एक सांगून ठेवतो. परभाषेतलं काहीही मूळ आवाजात लावा. ‘डार्क’ ही जर्मन सिरीज मी आधी डबमध्ये लावली होती आणि सगळी माणसं एकसारखी वाटली. एकच माणूस वेगवेगळ्या वयांत दाखवणारी, ३३-३३ वर्षांच्या फेऱ्यांत फिरणारी ती गोष्ट. तिथे आवाजातला थकवा हीच ओळख पटवायची खूण असते. मूळ जर्मनमध्ये लावल्यावर ती मला उमगली. तीन सीझन, २६ भाग, आणि शेवट पूर्ण झालेला. पण ही तुमच्यासाठी सगळ्यांत शेवटी ठेवा. सलग रात्री बघायला मिळणार असतील तेव्हाच सुरू करा, चार दिवस खंड पडला की कोण कुणाचा कोण हे विसरायला होतं.

यातलं काय कुठल्या ॲपवर आहे ते मुद्दाम लिहीत नाही, हक्क ठरावीक काळाचे असतात आणि सिनेमे इकडून तिकडे जातात. नाव टाकून शोधा. आणि घरातले सगळे एकच प्रोफाइल वापरत असाल तर स्वतःचं वेगळं करून घ्या. तुम्हाला पुढे जे सुचवलं जातं ते सगळ्यांच्या आवडींची सरमिसळ होऊन येतं.

‘चेर्नोबिल’चे पाच भाग झाले की इथे खाली लिहा. सुटली, तर कितव्या भागात सुटली आणि त्या क्षणी पडद्यावर काय चालू होतं तेही लिहा. तेवढ्यावरून पुढचं नाव मी जास्त नेमकं सांगू शकेन.