हालस्टाटला एक रात्र तरी राहा

पहिल्यांदाच जाताय म्हणून आवर्जून सांगते: ऑस्ट्रियातलं हालस्टाट दोन तासांत उरकू नका. दुपारी गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. सकाळी सातला तेच गाव तुमच्या एकट्याचं असतं.

शक्यतो रेल्वेनं जा. स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठाला आहे, तिथून लाँचनं गावात उतरायचं. समोर चर्चचा टोकदार मनोरा आणि डोंगराला बिलगलेली घरं हळूहळू मोठी होत जातात. 1890 पर्यंत इथे गाडीरस्ताच नव्हता. होडी नाहीतर पायवाट. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ मात्र आधीच बघून ठेवा.

गाव जगलं ते मिठावर. वरच्या खाणीत सापडलेला लाकडी जिना तीन हजार वर्षांहून जुना आहे. 1846 मध्ये खाणीवरचे अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर यांना तिथेच प्राचीन दफनभूमी लागली. त्यांनी जवळपास हजार थडगी उकरून नीट नोंदवली. म्हणून तर युरोपातल्या लोहयुगाच्या सुरुवातीच्या संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं.

अस्थिघर चुकवू नका. गावाची आताची दफनभूमी अगदी लहान, त्यामुळे काही वर्षांनी हाडं बाहेर काढून इथे ठेवत. कवटीच्या कपाळावर नाव, भोवती रंगवलेली पानाफुलांची माळ. मला तिथे भीती नाही, माया जाणवली.

आणि हो, फुलांनी सजलेल्या खिडक्यांमागे माणसं राहतात. फोटो काढा, पण दारात ठाण मांडू नका.