आईची फाइल रद्दीत घालू का?

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे. वीस वर्षांपासून मधुमेह आणि बीपी. शिबिरात तिचं आभा कार्ड काढलं, पण ॲप उघडलं तर आत काहीच नाही. घरातली जाडजूड फाइल आता ठेवायची की टाकायची?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : टाकू नका! आभा म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन या सरकारी योजनेतला १४ आकडी क्रमांक, तुमचे रिपोर्ट मोबाइलवर एकत्र दिसावेत म्हणून. सध्या ते रिकामं कपाट आहे म्हणा. रिपोर्ट दिल्लीच्या कुठल्या संगणकात जाऊन बसत नाही, ज्या दवाखान्यात झाला तिथंच राहतो. तो दवाखाना योजनेत असेल, त्याचं सॉफ्टवेअर जोडलेलं असेल आणि केसपेपर काढताना तुम्ही आभा क्रमांक दिला असेल, तरच तो ॲपमध्ये दिसतो. जुने कागद आपोआप चालत येत नाहीत.

योजना देशभर सुरू झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. २०२३ पासून ठरावीक संख्येपुढच्या प्रत्येक नोंदीमागे रुग्णालयांना, लॅबना २० रुपयेही मिळू लागले. पण माझ्याकडं संध्याकाळी बाहेर साठ पेशंट आणि आत मी एकटा. टाइप करायला मान खाली घातली की आजीबाई विचारतात, "डॉक्टर, माझ्याकडं बघताय का त्या डब्याकडं?"

तरी कागदाचं कौतुक मला सांगू नका. सांगलीच्या २०१९ च्या पुरात माझे केसपेपर पाण्यात गेले. दोरीवर वाळत घातले, तर शाई उतरलेली. एका पेशंटला कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे, हे शेवटी त्याच्या बायकोला विचारून पुन्हा लिहिलं.

म्हणून दोन्ही ठेवा. शेवटचं डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, वर्षभरातले शुगरचे रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी, एवढ्यांचे फोटो काढून ॲपमध्ये स्वतः चढवा. पुढं कुठल्या दवाखान्यानं रेकॉर्ड मागितलं, तर परवानगीची विचारणा तुमच्या मोबाइलवर येईल. कोणते कागद, किती दिवसांसाठी, हे वाचूनच हो म्हणा. काउंटरवरच्या पोराला ओटीपी सांगून मोकळे होऊ नका.

आणि हो, पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं. आभा दाखवून बिल माफ होत नाही, हे मला आठवड्यातून दोनदा तरी सांगावं लागतं. आई सत्तरीच्या पुढं आहेत, तेव्हा तेही काढून घ्या.