घोळणा फुटला की कांदा हुंगवावा का?

तुम्ही विचारलंय की मुलगा सात वर्षांचा आहे, एप्रिल लागला की आठवड्यातून दोनदा घोळणा फुटतो, घरचे म्हणतात उष्णता आहे, कांदा हुंगव. तर नेमकं करायचं काय, आणि मोठ्या माणसांचं फुटलं तर घाबरायचं का? मी डॉक्टर नाही. कांद्याचं नाव निघालं म्हणून लिहायला बसले.

आमचं सासर अकोल्याचं. मे महिना, थोरल्या दिरांच्या मुलीची हळद. माझा लेक तेव्हा आठ वर्षांचा. पोरं मांडवात पळापळी खेळत होती, हा आला तो शर्ट लाल करूनच. मी उठेपर्यंत भाऊजींनी त्याला बाजेवर उताणा पाडला, मान मागे लोंबकळवली, माठातलं गार पाणी टाळूवर ओतलं आणि फोडलेला कांदा नाकाशी धरला. मी म्हटलं, "भाऊजी, त्याला बसवा तरी." तर म्हणाले, "तू बाजूला हो, आमच्या चार पिढ्यांचे घोळणे असेच थांबलेत." नाकातून यायचं खरंच थांबलं. भाऊजींनी सगळ्यांकडे पाहून घेतलं. पाच-सात मिनिटांत पोरानं माझ्या अंगावर भडाभडा ओकारी केली, काळपट रक्त, त्यात गुठळ्या. हळदीच्या पिवळ्या साडीवर ते कसं दिसलं असेल! जाऊबाई तिथेच रडायला लागल्या, कुणीतरी म्हणालं पोटातलं काही फुटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "डोकं मागे कुणी केलं?" भाऊजी दाराशीच उभे होते. रक्त थांबलं नव्हतं, फक्त घशातून पोटात जात होतं, आणि पोटाला रक्त मानवत नाही, ते उलटून पडतं. डॉक्टरांनी पोराला खुर्चीत ताठ बसवलं, पुढे वाकवलं, तोंडाखाली ट्रे दिला आणि नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांच्या चिमटीत धरला. हाडाचा भाग नाही, तिथे दाबून काही होत नाही. श्वास तोंडाने, तोंडात आलेलं रक्त थुंकायचं. घड्याळ लावून दहा मिनिटं. मी मध्येच "थांबलं का बघा ना" म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं! दर मिनिटाला चिमटी सोडून बघितलं की धरू लागलेली गुठळी निघते, सगळं पहिल्यापासून. दहा मिनिटांनी खरोखर थांबलं. मग त्यांनी पोराचा उजवा हात उलटा करून तर्जनीचं नख पाहिलं. नखाखाली वाळकं रक्त.

तर ही तुमची 'उष्णता'. नाकाच्या मधल्या पडद्यावर अगदी पुढे, बोट पोचतं तिथेच, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बहुतेक घोळणे तिथेच फुटतात. कोरड्या हवेनं आतली त्वचा वाळते, खपली धरते, खाजते, पोर बोट घालतं. सर्दी आणि अ‍ॅलर्जी असली की आणखी. (कूलरची हवा तरी ओलसर असते, एसी नाक पार वाळवतो.) आंबे बंद करून काही होत नाही, माझ्या पोराचे दोन उन्हाळे उगाच बिनआंब्याचे गेले. नखं कापा, झोपताना नाकात पडद्याच्या बाजूला व्हॅसलिनचं बोट फिरवा, मिठाच्या पाण्याचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात ते घाला. तरीही वारंवार फुटत असेल तर कान-नाक-घसावाले ती शीर सिल्व्हर नायट्रेटनं जाळून देतात, पाच मिनिटांचं काम.

आणि कांदा? बरेचसे घोळणे काही न करताही थोड्या वेळात थांबतात. तेवढ्या वेळात हातात कांदा असला तर श्रेय कांद्याला. हे मी भाऊजींना दहा वर्षं सांगतेय.

आता मोठ्यांचं. भाऊजींना पुढे स्टेंट बसला, अ‍ॅस्पिरिन आणि सोबत रक्त पातळ करणारी आणखी एक गोळी सुरू झाली. बीपीची गोळी मात्र "बरं वाटतंय" म्हणून स्वतःच बंद केली. रात्री दोनला नाक फुटलं. कांदा आला, मान मागे गेली, तासभर रक्त घशात उतरत राहिलं. मोठ्या वयात रक्त नाकाच्या मागच्या भागातून यायची शक्यता जास्त, तिथे चिमटी पोचत नाही. बीपीमुळे नाक फुटतंच असं नाही, पण फुटलेलं लवकर आटोक्यात येत नाही. शेवटी नाकात पॅक भरून दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. म्हणून सांगते, दोनदा दहा-दहा मिनिटं नीट दाबूनही थांबलं नाही, घशात धार लागली किंवा चक्कर आली तर सरळ दवाखाना. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेवढीही वाट बघू नका, आणि ती गोळी मनानं बंद करू नका.

हे आधी लिहायला हवं होतं, पण घ्या: एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, रक्ताळलेला शेंबूड येत असेल तर पोरानं आत बहुधा शेंगदाणा, मणी काहीतरी कोंबलेलं असतं, खेळण्यातली बटण बॅटरी असली तर तासाभराचाही उशीर नको. वयात येणाऱ्या मुलाची एकच बाजू सारखी बंद आणि वारंवार रक्त, तर गाठ नाही ना ते तपासून घ्या. हिरड्यांतूनही रक्त, अंगावर निळे डाग किंवा ताप असेल तर रक्ताची तपासणी, डेंग्यूतही प्लेटलेट उतरतात. दोन वर्षांखालचं मूल असेल तर एकदाच फुटलं तरी दाखवा.

भाऊजी घरी आल्यावर मी फोन केला, म्हटलं, आता तरी पटलं? नाक चोंदलेलं, आवाज गेंगाणा. म्हणाले, "तो कांदा लाल होता. पांढरा पाहिजे."