कॅथलिक स्टडी बायबल घेताना आधी तळटिपा उघडून बघा

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: संपूर्ण बायबल पहिल्यांदाच सलग वाचायचं आहे, तळटिपा ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला धरून हव्यात, आणि "इंप्रिमातुर (बिशपांची छपाईची परवानगी) असलेलं कुठलंही घ्या" असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं आहे. तेवढ्यावर विसंबू नका.

इंप्रिमातुरचा अर्थ मर्यादित आहे. श्रद्धा आणि नीती यांच्या विरोधात पुस्तकात काही आढळलं नाही, छापायला हरकत नाही, इतकाच. बायबलच्या भाषांतराबाबत कॅनन लॉच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, ८२५ व्या कलमात आणखी एक अट आहे: त्यात आवश्यक आणि पुरेशा टिपा हव्यातच. पण त्या टिपांनी कशावर भर द्यायचा याला खूप मोकळीक आहे, आणि खरा फरक तिथेच पडतो.

उदाहरण घेऊ. 'न्यू अमेरिकन बायबल रिवाइज्ड एडिशन' ही २०११ची, अमेरिकन बिशपांची आवृत्ती. मान्यतेबद्दल शंकाच नको. मत्तयच्या शुभवर्तमानाची प्रस्तावना उघडा: हे प्रेषित मत्तयने लिहिलं ही प्राचीन परंपरा टिकणारी नाही, कारण ग्रंथ बराचसा मार्कच्या शुभवर्तमानावर आधारलेला आहे, असं सरळ म्हटलं आहे. मार्क ६:३ वर येशूच्या 'भावां'बद्दलची टीप बघा. हा शब्द चुलत-मावस भावांनाही लावत, हे ती सांगते. पुढे म्हणते की मरियेच्या नित्य कौमार्यावर ख्रिस्तसभेची श्रद्धा नसती तर इथे अर्थाचा प्रश्नच उठला नसता. आणि थांबते. यात पाखंड काहीही नाही. मत्तय कोणी लिहिलं हा श्रद्धासिद्धांत नव्हे. पण नवख्या वाचकाच्या मनात काय उरतं? ख्रिस्तसभा आपलं म्हणणं मजकुरावर लादते, एवढंच.

ग्रंथाचा साहित्यप्रकार आणि काळ अभ्यासायला हरकत कोणाचीच नाही. पोप पायस बारावे यांनी १९४३ मध्येच त्याला दार उघडून दिलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'देई वेर्बुम' या दस्तऐवजाचा (१९६५) बारावा परिच्छेद तेच सांगतो, पण लगेच पुढे जाऊन म्हणतो की अर्थ लावताना संपूर्ण पवित्र शास्त्राची एकात्मता, ख्रिस्तसभेची जिवंत परंपरा आणि श्रद्धेची आंतरिक सुसंगती ध्यानात घ्यावी. माझी तक्रार इतकीच, की काही टिपा पहिला अर्धा भाग मन लावून करतात आणि दुसरा अर्धा वाचकावर सोडून देतात. ऑक्सफर्डच्या 'द कॅथलिक स्टडी बायबल'मध्ये वाचनमार्गदर्शक निबंध उत्तम आहेत, पण पानाखालच्या टिपा वरच्या अमेरिकन आवृत्तीच्याच.

म्हणून तुमच्यासाठी माझी पहिली पसंती 'इग्नेशियस कॅथलिक स्टडी बायबल'. स्कॉट हान आणि कर्टिस मिच यांच्या टिपा, आरएसव्ही ('रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन') या इंग्रजी भाषांतराच्या दुसऱ्या कॅथलिक आवृत्तीचा मजकूर. नवा करार २०१० मध्ये एका खंडात आला, संपूर्ण बायबल २०२४ मध्ये. त्याच 'भावां'च्या प्रश्नावर ही टीप तुम्हाला मजकुरातच पुढे पाठवते: मत्तय १३:५५ मध्ये येशूचे भाऊ म्हणून ज्यांची नावं येतात त्यांतले याकोब आणि योसेफ हे २७:५६ मध्ये दुसऱ्याच एका मरियेचे मुलगे आहेत. पडताळणी तुम्हीच करायची. मला टीप अशी आवडते. उणीव म्हणाल तर ग्रंथ दोन हजारांवर पानांचा, जाडजूड. आणि लेखक-काळाच्या वादात कल बहुधा पारंपरिक मताकडे. (अर्थात, तुम्हाला तेच हवं असावं.)

'डिडाखे बायबल'च्या टिपा कॅटेकिझमशी, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथाशी, जोडलेल्या आहेत. धर्मशिक्षण देणाऱ्याला सोन्यासारखी, इतिहास-भूगोलाची भूक मात्र भागत नाही. 'नवारे बायबल'मध्ये धर्मपित्यांची (सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांची) आणि संतांची वचनं भरपूर; प्रार्थनेला सुंदर, पण संपूर्ण संच अनेक खंडांचा. डुए-रीम्स हे जुनं कॅथलिक इंग्रजी भाषांतर आणि त्यावरच्या हेडॉकच्या जुन्या टिपा नंतर कधीतरी.

विकत घेण्यापूर्वी चार जागा चाळा. मत्तय १६:१८-१९: पेत्राला दिलेल्या किल्ल्यांचा संबंध यशया २२:२२ मध्ये राजघराण्याची किल्ली मिळालेल्या एल्याकीमशी जोडला आहे का? योहान ६:५१-५८: ख्रिस्तशरीर संस्काराचा (मिस्सेतल्या भाकरीचा) उल्लेख स्पष्ट आहे की 'प्रतीक' म्हणून टाळाटाळ? याकोब ५:१४-१५: आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा संस्कार टिपेत येतो का? आणि २ मक्काबी १२:४३-४६, मृतांसाठीची प्रार्थना. हा ग्रंथ 'अपोक्रिफा' (प्रोटेस्टंट ज्यांना बायबलचा भाग मानत नाहीत ते ग्रंथ) नावाच्या वेगळ्या विभागात सापडला तर रचना कॅथलिक नाही, मग मुखपृष्ठ काहीही म्हणो. आपले ७३ ग्रंथ जुन्या आणि नव्या करारात आपापल्या जागीच हवेत.

घरात अमेरिकन आवृत्ती आधीच असेल तर ती टाकून देऊ नका. शेजारी कॅटेकिझम ठेवा. त्याच्या शेवटी शास्त्रवचनांची सूची आहे. अडलेलं वचन तिथे शोधायचं आणि दिलेला परिच्छेद काढून वाचायचा.