गणित कच्चं आहे, तरी ऑपरेशन्स घेऊ का?

प्रिय विद्यार्थिनी,

तू जयसिंगपूरहून लिहिलं आहेस. बारावी कॉमर्स, आता बीबीएचं शेवटचं वर्ष. ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या (उत्पादन आणि कामकाजाच्या व्यवस्थापनाच्या) अंतर्गत परीक्षेत सूत्रं तोंडपाठ असूनही पाचपैकी चार गणितं चुकली. वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहेत आणि एमबीएला तू ऑपरेशन्सच घ्यावंस असं त्यांना वाटतं. मैत्रिणी मार्केटिंग आणि फायनान्सकडे निघाल्या आहेत. तुझा प्रश्न असा की गणित कच्चं असताना हा विषय घ्यावा की सोडून द्यावा.

सोबत जोडलेली चारही गणितं नीट पाहिली. त्यात गुणाकार-भागाकाराची एकही चूक नाही. एकात टक्केवारी कशावर काढायची ते चुकलं, दुसऱ्यात मिनिटं आणि सेकंद मिसळले, तिसऱ्यात २.८६ चे २ झाले आणि चौथ्यात महिन्याची मागणी वर्षाच्या खर्चाबरोबर एकाच सूत्रात गेली. म्हणजे तुझं गणित कच्चं नाही. आकडा कशाचा आहे हे न विचारताच तू तो सूत्रात टाकतेस. ही सवय महिनाभरात सुटते, म्हणून एवढ्या कारणासाठी विषय सोडू नकोस. घ्यावा की नाही हे ठरवायला दुसरी कारणं आहेत, ती पुढे येतीलच.

आधी ही चार गणितं एकाच लाइनवर मांडू, कारण पुस्तकात ती चार वेगळ्या धड्यांत असतात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. आकडे उदाहरणापुरते आहेत. खऱ्या वेळा तुझे वडील सांगतील.

समज, पंपाचं एक कास्टिंग (ओतीव भाग) पाच स्टेशनांवर, म्हणजे कामाच्या पाच ठिकाणी, फिरतं. फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) ५० सेकंद, ड्रिलिंगला (भोक पाडायला) ७०, टॅपिंगला (भोकात आटे पाडायला) ४०, डीबरिंगला (कडांची खर काढायला) ३०, तपासणी आणि पॅकिंगला मिळून ५०. एकूण काम २४० सेकंदांचं. पाच माणसं, आठ तासांची शिफ्ट, गिऱ्हाइकाला दिवसाला ३०० नग हवेत.

पहिली पायरी म्हणजे हातात खरोखर किती वेळ आहे ते काढणं. ४८० मिनिटांतून जेवणाची ३०, दोन चहांची २०, सुरुवातीच्या सूचना आणि शेवटच्या साफसफाईची १० वजा कर. उरली ४२० मिनिटं, म्हणजे २५,२०० सेकंद. स्टेशनच्या वेळा सेकंदांत आहेत, म्हणून इथेच सगळं सेकंदांत आणायचं, पुढे नाही. २५,२०० भागिले ३०० म्हणजे ८४ सेकंद. हा झाला टॅक्ट टाइम: गिऱ्हाइकाची मागणी पुरवायची तर दर ८४ सेकंदांनी एक नग लाइनवरून उतरला पाहिजे. लाइन प्रत्यक्षात किती वेळाने एक नग देते हा सायकल टाइम, आणि तो सर्वात संथ स्टेशन ठरवतं: ड्रिलिंग, ७० सेकंद. टॅक्ट गिऱ्हाईक ठरवतं, सायकल ड्रिल ठरवतं. हे दोन आकडे एकच समजले की पुढचं सगळं गडबडतं. इथे ७० हे ८४ पेक्षा कमी आहेत, म्हणून ३०० नग सहज निघतील; कमाल क्षमता २५,२०० भागिले ७०, म्हणजे ३६०.

आता किती स्टेशनं लागतील? २४० भागिले ८४, २.८६. इथे तू २ लिहिलंस. पण दोन स्टेशनांत प्रत्येकाच्या वाट्याला १२० सेकंदांचं काम येतं आणि ते ८४ मध्ये बसत नाही. त्यामुळे इथे अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यायचा: ३. पण ३ ही फक्त किमान मर्यादा आहे, उत्तर नव्हे. कामांचा क्रम मोडता येत नाही आणि एका कामाचे तुकडेही पाडता येत नाहीत. फेसिंग आणि ड्रिलिंग एकत्र केलं तर १२० होतात, बसत नाहीत. टॅपिंग आणि डीबरिंग एकत्र केलं तर ७०, बसतात. त्यामुळे प्रत्यक्षात चार स्टेशनं होतात: ५०, ७०, ७०, ५०. पाच स्टेशनं असताना लाइनची समतोल कार्यक्षमता (स्टेशनांच्या एकूण वेळातला खऱ्या कामाचा वाटा) २४० भागिले (५ गुणिले ७०), म्हणजे ६८.६ टक्के होती. चार केल्यावर ८५.७ टक्के. तीन येत नाहीत म्हणून आपलंच काहीतरी चुकलं असं समजून परीक्षेत खाडाखोड करणारे पुष्कळ असतात. क्रमाचं कारण एका ओळीत लिही आणि चारवर थांब.

पाचाची चार माणसं झाली, मग उत्पादकता किती वाढली? तू २० टक्के लिहिलंस, कारण माणसं २० टक्के कमी झाली. करून बघ: आधी ३०० नग भागिले ४० मनुष्यतास (५ माणसं गुणिले ८ तास), ७.५. नंतर ३०० भागिले ३२, ९.३७५. वाढ १.८७५, आणि ती जुन्या ७.५ वर मोजायची. उत्तर २५ टक्के. भाजक कमी झाला की भागाकार त्याच टक्केवारीने वाढत नाही, हे एकदा बोटांवर मोजून पाहिलंस की पुन्हा चुकणार नाहीस.

इथून पुढचा भाग परीक्षेत दोन मार्कांचा असतो, पण नोकरीत हाच रोज लागतो. समज, मागणी ४०० झाली. टॅक्ट ६३ सेकंदांवर आला, ड्रिल ७० वर आहे. आता टॅपिंगला नवं मशीन आणून काही उपयोग नाही, फेसिंगचा वेग वाढवला तर ड्रिलपुढे नुसता ढीग लागेल. शिवाय टॅपिंग आणि डीबरिंग एकत्र करून झालेलं ७० सेकंदांचं स्टेशनही आता अडतं, म्हणून ती कामं पुन्हा वेगळी करून पाच माणसांवर परत जावं लागतं. अडथळा एकटा ड्रिल राहिला. सगळेजण ओव्हरटाइम किंवा दुसरं मशीन सुचवतात. त्याआधी हे बघ: जेवणाच्या आणि चहाच्या ५० मिनिटांत ड्रिल बंद असतो. ऑपरेटरला त्याची सुट्टी पूर्ण मिळायलाच हवी, पण त्या वेळात दुसऱ्या शिकलेल्या माणसाने ड्रिल चालवला तर ४७० मिनिटं मिळतात. २८,२०० सेकंद भागिले ७० म्हणजे ४०२ नग. डीबरिंगवरच्या माणसाकडे सर्वात जास्त मोकळा वेळ आहे. त्याला ड्रिल शिकवून त्याची सुट्टी पुढेमागे केली की काम होतं. अट एकच: जेवणाच्या सुट्टीआधी ड्रिलपुढे किमान २६ कास्टिंग तयार हवीत (१,८०० भागिले ७०), प्रत्येक चहाआधी ९. फेसिंग ५० सेकंदांचं असल्याने तेवढा साठा सकाळीच होतो. आणि अर्थात ड्रिल त्या दिवशी बिघडता कामा नये.

साठ्यावरून आणखी एक साधं नातं लक्षात ठेव, ज्याची सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये दिली: लाइनवर पडलेले नग म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ. दर ७० सेकंदांनी एक नग उतरतो आणि स्टेशनांवर आणि त्यांच्या मध्ये मिळून ९० नग आहेत, तर आज आत गेलेलं कास्टिंग ६,३०० सेकंदांनी बाहेर येईल, म्हणजे १०५ मिनिटांनी. त्यात खरं काम चार मिनिटांचं. बाकीचा सगळा वेळ ते ट्रेमध्ये वाट बघत असतं. डिस्पॅच उशिरा का जातो याचं कारण बहुतेक वेळा या १०१ मिनिटांत सापडतं.

मशीनची एकूण परिणामकारकता, म्हणजे ओईई, यात तू बरोबर होतीस. फक्त उत्तर तपासायची युक्ती देतो. समज, ड्रिलच्या ४२० मिनिटांतली ६० सेटिंग आणि बिघाडात गेली, उरलेल्या ३६० मिनिटांत २७० नग झाले, त्यातले २६१ चांगले. उपलब्धता ८५.७ टक्के, वेग (२७० गुणिले ७० सेकंद, भागिले ३६० मिनिटांचे सेकंद) ८७.५ टक्के, गुणवत्ता ९६.७ टक्के; गुणाकार ७२.५ टक्के. तपासणी: चांगले नग गुणिले ठरलेला वेळ भागिले नियोजित वेळ. २६१ गुणिले ७० भागिले २५,२००, तेही ७२.५ टक्केच. दोन्ही जुळले नाहीत तर कुठला तरी वेळ दोनदा वजा झालेला आहे.

आता चौथं गणित, किफायतशीर ऑर्डर संख्येचं, म्हणजे एका वेळी किती नग मागवले की खर्च सर्वात कमी येतो याचं. ईओक्यूचं हे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं. स्टोअरमधले कार्बाइड इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची बदलायची टोकं) घे: दिवसाला १२, वर्षाचे ३०० कामाचे दिवस, म्हणजे ३,६०० नग. एका ऑर्डरचा खर्च ४०० रुपये, इन्सर्टची किंमत २५० रुपये, साठवणुकीचा खर्च किमतीच्या २० टक्के. इथे साठवणूक खर्च २० नव्हे, ५० रुपये प्रति नग प्रति वर्ष. दोन गुणिले ३,६०० गुणिले ४०० भागिले ५०, याचं वर्गमूळ २४०. तू महिन्याची ३०० मागणी घेतलीस म्हणून ६९ आले. २० टक्क्यांचे थेट २० घेतले असते तर ३७९ आले असते. पडताळा सोपा आहे: वर्षाला १५ ऑर्डर, खर्च ६,००० रुपये, सरासरी साठा १२० नग, खर्च ६,००० रुपये. हे दोन्ही आकडे सारखे यायलाच हवेत. तुझ्या ६९ वर ते येत नाहीत, हे पेपर देण्याआधीच कळलं असतं.

आणि हे सूत्र फार काटेकोर नाही, हेही समजून घे. दर महिन्याला सरळ ३०० मागवले तरी खर्च १२,००० ऐवजी १२,३०० होतो. स्टोअरकीपरला महिन्याचा हिशेब सोयीचा पडत असेल तर ३०० मागवू देणं शहाणपणाचं. मोठी चूक ऑर्डर केव्हा टाकायची यात होते. माल यायला कामाचे ६ दिवस लागतात, त्या काळात ७२ इन्सर्ट जातील. रोजच्या वापरात चढउतार असतो. त्याचं रोजचं प्रमाण विचलन (सरासरीपासून किती हलतं याचं माप) ४ धरलं आणि शंभरातल्या ९५ वेळा माल कमी पडू नये असं ठरवलं, तर राखीव साठा १.६५ (९५ टक्क्यांसाठीचा तक्त्यातला आकडा) गुणिले ४ गुणिले ६ चं वर्गमूळ, म्हणजे १६.२, वर नेऊन १७. म्हणून ८९ वर ऑर्डर. वर्गमूळ विसरून ६ नेच गुणलं तर राखीव साठा ४० होतो आणि पैसा विनाकारण अडकतो. दुसरा घोटाळा तोंडी बोलण्यातला: पुरवठादार 'सात दिवस' म्हणतो तेव्हा ते कॅलेंडरचे की कामाचे, हे विचारून लिहून घ्यायचं.

बाकीचे धडे तुला जड जाणार नाहीत. फक्त नियंत्रण चार्टवरच्या (मशीनच्या मापांतला चढउतार दाखवणाऱ्या आलेखावरच्या) मर्यादा आणि ड्रॉइंगवरच्या मर्यादा एक समजू नकोस. पहिल्या मशीनच्या वागण्यातून निघतात, दुसऱ्या गिऱ्हाईक देतं. चार्टवर सगळं शांत असूनही माल रिजेक्ट होऊ शकतो.

आता करिअरचं. वडिलांचं म्हणणं अर्ध बरोबर आहे. थेट प्रॉडक्शनच्या जागांसाठी कारखाने डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगवाल्यांना आधी घेतात. बीबीए आणि एमबीए करून तिथे शिरणं अवघड जातं, हे आधीच माहीत असलेलं बरं. तुझ्यासाठी खुली दारं म्हणजे उत्पादन नियोजन (कारखान्यात ज्याला पीपीसी म्हणतात), पर्चेस, स्टोअर, डिस्पॅच. कारखान्याबाहेर भिवंडीची गोदामं, हॉस्पिटलं, बँकांची प्रक्रिया केंद्रं. रांग, क्षमता आणि साठा तिथेही हेच असतात. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी पात्रता वाच: ऑपरेशन्सच्या काही अभ्यासक्रमांना इंजिनिअरिंगची पदवी लागते. राज्याच्या सीईटीतून मिळणाऱ्या एमबीएला कोणतीही पदवी चालते आणि तिथे दुसऱ्या वर्षी ऑपरेशन्स हे विशेषीकरण घेता येतं. पवईची निटी ही व्यवस्थापन संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं. तिथला प्रवेश कॅटमधून. सिक्स सिग्माच्या बेल्टवर (गुणवत्ता सुधारणेच्या प्रमाणपत्रांवर) आत्ता पैसे घालू नकोस. कामाचा अनुभव नसताना मुलाखतीत त्याला फारसं वजन नसतं. त्याऐवजी एक्सेल चांगलं शीक, आणि एनपीटीईएलवर (ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर) आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑपरेशन्सची व्याख्यानं फुकट आहेत, ती ऐक.

विषय तुला मानवतो का, हे ठरवायला एक काम कर. वडिलांना मालकांची परवानगी काढायला सांग आणि सुट्टीत तीन दिवस एका लाइनशेजारी उभी राहा. सेफ्टी शूज आणि गॉगल घालून, पिवळ्या पट्टीच्या बाहेर. प्रत्येक स्टेशनच्या दहा-दहा वेळा घे. ऑपरेटरला आधी सांग की कशासाठी मोजतेस, नाहीतर तो एकतर घाईने किंवा मुद्दाम सावकाश काम करेल. जॉब (हातातला नग) उचलल्यापासून पुढचा जॉब उचलेपर्यंतचा वेळ धर, नुसता कटिंगचा नको. मशीन थांबलं तर तेवढं रीडिंग वगळ आणि कारण बाजूला लिही. दर तासाला प्रत्येक मशीनपुढे किती जॉब पडलेत ते मोज. मग घरी वरची सगळी गणितं त्या आकड्यांवर कर आणि वडिलांना विचार की अडथळा तू ओळखलास तोच आहे का. ढीग एका मशीनपुढे आणि तुझं उत्तर दुसऱ्याच मशीनचं, असं झालं तर चौथ्या दिवशी परत जाऊन का ते शोधावंसं वाटतं का, ते बघ. वाटलं तर फॉर्मवर ऑपरेशन्स लिही. तीन दिवसांत कंटाळा आला तर फायनान्स घे, आणि वडिलांना तसं स्पष्ट सांग. तुझ्या कागदांवरचा भागाकार पाहता तिथेही तुझं अडणार नाही.