सुरू होते, पण टिकत नाही

प्रश्न : आमच्या सोसायटीत हिरवळ कापण्याचे पेट्रोलवर चालणारे फोर-स्ट्रोक यंत्र आहे. दिवाळीनंतर ते वापरले नव्हते. जूनमध्ये पाऊस पडून गवत वाढले, म्हणून बाहेर काढले. चोक देऊन दोरी ओढली की ते लगेच सुरू होते, मात्र चोक काढला की आवाज वर-खाली होत काही सेकंदांत बंद पडते. नवा प्लग टाकूनही फरक पडला नाही. मेकॅनिक आता कार्बोरेटरच बदलायला सांगतात. तो खर्च टाळता येईल का?
— एका सोसायटीचे सचिव, कोथरूड, पुणे

उत्तर : बहुधा टाळता येईल. यंत्र अडले की आधी प्लग बदलायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. पण आपले इंजिन सहज सुरू होते, त्याअर्थी ठिणगी मिळते आहे. खरी खूण चोकची आहे. चोक दिलेला असताना हवा अडते आणि खेच वाढते, त्यामुळे अर्धवट तुंबलेल्या जेटमधूनही (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातूनही) गरजेपुरते पेट्रोल ओढले जाते. चोक काढल्यावर हवा भरपूर येते, पेट्रोल मात्र तेवढे येत नाही. मिश्रण पातळ होते आणि इंजिन आचके देत थांबते. दोष पेट्रोलच्या वाटेत आहे, असे यावरून समजावे.

त्याचे कारण आपल्या पत्रातच आहे. टाकीत आणि कार्बोरेटरच्या वाटीत सात-आठ महिने राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते व मागे चिकट थर उरतो. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. हा ओलावा वाढला की पाणी-इथेनॉलचे मिश्रण वेगळे होऊन तळाशी बसते आणि धातूवर पांढरट पूड धरते. अशा लहान इंजिनांचे अनेक उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात, म्हणून माहितीपुस्तिका एकदा पाहावी.

काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना आणि प्लगची टोपी काढून ठेवूनच करावे. जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. त्यात ताजे मिसळून भागत नाही. टाकीचा कॉक बंद करावा, कॉक नसल्यास नळी चिमट्याने दाबून धरावी. मग कार्बोरेटरच्या तळाचा बोल्ट सोडवून वाटी खाली घ्यावी. वाटीचे रबरी वायसर जपावे आणि फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग) व त्याची निडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी खिळी) हरवू देऊ नये. हा बोल्ट नीट निरखावा, कारण काही इंजिनांत तोच मुख्य जेट असतो : आतून पोकळ, बाजूला केसाएवढे भोक. उजेडाकडे धरल्यावर त्यातून प्रकाश दिसला नाही, तर चोर सापडला. इतर इंजिनांत पितळी जेट वाटीच्या वर, मधल्या नळीत असतो आणि त्याला खाचेत नेमका बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर लागतो.

भोक साफ करायला सुई किंवा टाचणी मुळीच वापरू नये. पोलादाने पितळेचे भोक मोठे होते आणि मग खरोखरच नवा जेट आणावा लागतो. विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एकच तार पुरते. त्यानंतर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा सर्व छिद्रांतून मारावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. जवळच्या दुचाकी गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारून मिळाली तर उत्तमच. एअर फिल्टर आणि पेट्रोलच्या नळीतली जाळीही याच वेळी पाहून घ्यावी.

यंत्र कलते करायचे असल्यास कार्बोरेटरची बाजू वर ठेवावी. उलट केल्यास इंजिनातले ऑइल एअर फिल्टरमध्ये शिरते आणि एका दुखण्याची दोन होतात.

साफसफाईनंतर इंजिन चालले, पण पाच-दहा मिनिटांनी थांबू लागले, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल करूनही इंजिन तापल्यावरच बंद पडत असेल, लगेच प्लगला ठिणगी येत नसेल आणि थंड झाल्यावर पुन्हा येत असेल, तर ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलचा संशय घ्यावा. ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

कार्बोरेटरची वाटी गंजून भोके पडली असतील किंवा निडलची बैठक झिजून पेट्रोल सतत वाहत असेल, तर मात्र मेकॅनिकांचे म्हणणे मान्य करावे. नवा घेताना जुना सोबत न्यावा, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या कार्बोरेटरांचे जेट वेगळे असू शकतात. पुढच्या दिवाळीनंतर यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते चालू ठेवावे.